नकोसा झालेला मासा आणि त्याचे नवे घर

मनू आणि मासा यांची कथा आपल्याकडे लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. तर्पण करीत असता मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला आणि मोठ्या माशांपासून आपले रक्षण करावे, अशी त्याने विनवणी केली. मनूने त्यास कमंडलूत ठेवले. एका रात्रीत कमंडलू अपुरा पडला. मग रांजण आला. रांजणानंतर विहीर, विहिरीनंतर तळे, तळ्यानंतर गंगा आणि अखेरीस समुद्र. प्रत्येक वेळी भांडे लहान ठरले आणि प्रत्येक वेळी मनूने माशासाठी नवी जागा शोधली.

या कथेचा धार्मिक अर्थ सांगण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु घरी काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्या अनेकांना कधी ना कधी मनूच्याच अडचणीस तोंड द्यावे लागते. मासा वाढतो, भांडे वाढत नाही. मनूचा मासा बोलत होता व आपल्याला काय हवे ते सांगत होता. आपल्या घरच्या माशाला वाचा नाही. त्याच्या वतीने विचार करण्याचे काम आपल्यावर पडते, आणि तो विचार घाईने केला तर दयाबुद्धीनेच मोठे नुकसान होऊन बसते.

पनागरातील एक काचपेटी

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर पनागर हे गाव आहे. हा सारा मुलूख तळ्यांचा. गोंड राजवटीच्या काळापासून जबलपूरचे ‘बावन्न ताल’ प्रसिद्ध आहेत. राणीताल हा राणी दुर्गावतीच्या, आधारताल तिच्या मंत्र्याच्या आणि चेरीताल तिच्या दासीच्या नावाने ओळखला जातो, असे परंपरा सांगते. आसपासच्या गावांतही मातीची पाळ घालून पाणी अडविलेली तळी आहेत. ढीमर, केवट आदी समाजांतील कुटुंबे पिढ्यानपिढ्या अशा तळ्यांत मासेमारी करीत आली आहेत व शिंगाड्याचे पीक घेत आली आहेत. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्यामुळे नोकरी-व्यवसायानिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबेही या भागात स्थिरावलेली आहेत.

समजा, अशाच एका कुटुंबात, पनागर येथे, दोन फूट लांबीची एक काचपेटी आहे. तीन वर्षांपूर्वी घरातील मुलाच्या हट्टाखातर जबलपूरच्या बाजारातून काही मासे आणले होते. त्यांतच बोटाएवढा, अंगावर काळसर ठिपके असलेला, काचेला तोंड लावून बसणारा एक मासा होता. दुकानदार त्यास ‘सकर मासा’ म्हणतात आणि काचेवरील शेवाळ तो खातो म्हणून घेण्याची शिफारस करतात. आज तो मासा जवळजवळ हातभर झाला आहे. पेटीत त्याला सरळ वळतासुद्धा येत नाही. त्यातच वडिलांच्या बदलीचा हुकूम आला. सामान बांधावयाचे आहे, गाडीची तिकिटे काढलेली आहेत, आणि माशाचे काय करावे हे कोणासच सुचत नाही.

“आजी, याला तळ्यात सोडू या का?” मुलगा विचारतो.

“सोड रे बाळा. मोकळं पाणी मिळेल त्याला. मुक्या जिवाला सोडवल्याचं पुण्य लागेल तुला,” आजी म्हणते.

आजीच्या बोलण्यात दया आहे, आणि नर्मदेच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालणाऱ्या माणसाच्या मनातील भावही आहे. तरीसुद्धा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. असे का, आणि मग करावे तरी काय, हे क्रमाने पाहू.

मासा नकोसा का होतो?

मासा पेटीच्या मानानेच वाढतो, असा एक समज पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. तो खरा नाही. बहुतेक मासे जन्मभर वाढत राहतात. वयाबरोबर वाढीचा वेग मात्र मंदावतो. अपुऱ्या व अस्वच्छ पाण्यात एखाद्या माशाची वाढ खुंटते हे खरे, परंतु ते अनारोग्याचे लक्षण होय. दुकानात विकली जातात ती बहुधा माशांची पिल्ले असतात, आणि घेणाऱ्यास ते ठाऊक नसते. साधा सोनमासा २० ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो व नीट सांभाळल्यास १० ते २० वर्षे जगतो. ऑस्कर या नावाने विकला जाणारा मासा ३० सेंटिमीटरच्या घरात जातो. सकर माशाच्या काही जाती ५० सेंटिमीटरपर्यंत पोहोचतात. लांब चोचीसारख्या जबड्याचा ॲलिगेटर गार हा उत्तर अमेरिकेतील मासा तर २ मीटरहून अधिक लांब होतो. आणि तोही पिल्लू असताना घरगुती पेट्यांसाठी विकला गेला आहे.

केवळ जागेचाच प्रश्न नाही. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडतो. पेटीतील वाळूत व गाळणीत राहणारे काही जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट हे दोन्ही माशांस विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून पाणी बदलल्याने ते काढून टाकता येते. नव्या पेटीत हे जीवाणू पुरेसे वाढण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. लहान पेटीत मोठा मासा राहू लागला, म्हणजे अमोनिया तयार होण्याचा वेग जीवाणूंच्या शक्तीबाहेर जातो. पाणी गढूळ होते, वास येतो, मासा वरच्या पृष्ठाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतो, आणि घरातील माणसे त्रासून जातात.

याखेरीज काही मासे वयात आल्यावर भांडखोर बनतात. दोन नर फायटर एका पेटीत नांदत नाहीत. गप्पीसारखे मासे इतक्या झपाट्याने वाढतात की, दोनाचे दोनशे केव्हा झाले ते कळत नाही. काही वेळा माशाचा दोष नसतोच. परीक्षा येते, बदली होते, घरात आजारपण येते. सारांश, नकोसा झालेला मासा हा बहुधा चुकीच्या पेटीत अथवा चुकीच्या वेळी सापडलेला मासा असतो. योग्य पेटी मिळाली तर तोच मासा दुसऱ्यास हवासा वाटतो. नवे घर शोधण्याच्या प्रयत्नास अर्थ आहे तो यामुळेच.

तळ्यात सोडलेल्या माशाचे काय होते?

आता तळ्याकडे वळू. पेटीत वाढलेला मासा तळ्यात सोडला, म्हणजे पहिला आघात पाण्याच्या तपमानाचा होतो. माशाच्या शरीराचे तपमान भोवतीच्या पाण्याप्रमाणे बदलते. उष्ण कटिबंधातील पेटीचे मासे साधारणतः २४ ते २८ अंश सेल्सिअस पाण्यात सुखी असतात. जबलपूरकडे मे महिन्यात हवेचे तपमान ४० अंशांच्या वर जाते, आणि हिवाळ्यात काही रात्री ते १० अंशांच्याही खाली उतरते. पाणी सावकाश तापते व सावकाश थंड होते हे खरे. परंतु उथळ तळ्याच्या काठाशी, जेथे आपण मासा सोडतो, तेथे हा फरक तीव्र असतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायूही कमी होतो. २० अंशांस एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांस तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो.

दुसरा प्रश्न अन्नाचा. ठरावीक वेळी वरून पडणाऱ्या गोळ्यांची ज्यास सवय लागली आहे, त्यास गढूळ पाण्यात भक्ष्य हुडकणे जमतेच असे नाही. तिसरा प्रश्न शत्रूंचा. तळ्यात मरळ असते, काठावर बगळा व खंड्या टपून बसलेले असतात, पाणकावळे बुडी मारीत असतात. सोनमाशाचा केशरी रंग आणि दुहेरी शेपूट माणसाच्या डोळ्यांसाठी अनेक पिढ्यांच्या निवडीतून घडविलेली आहेत. पळून जाण्यासाठी ती उपयोगी नाहीत. उलट शत्रूचे लक्ष वेधून घेतात.

तेव्हा सोडलेल्या माशांपैकी पुष्कळ थोड्याच दिवसांत मरतात. ते आपल्या दृष्टीआड मरतात, म्हणून ते सुखाने पोहत असतील असे आपण समजतो. आजीला अभिप्रेत असलेली सुटका ती ही नव्हे.

आणि जो जगतो तो?

परंतु सर्वच मासे मरत नाहीत, आणि जगणाऱ्यांपासून होणारा अपाय अधिक दूरवर पोहोचतो. पनागरच्या कुटुंबातील सकर मासा हे याचे बोलके उदाहरण आहे. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील नद्यांत. त्याच्या अंगावर हाडांच्या कठीण पट्ट्यांचे चिलखत असते, त्यामुळे येथील भक्षक त्यास सहज गिळू शकत नाहीत. पाण्यात प्राणवायू कमी झाला, तर तो पृष्ठभागी येऊन हवा गिळतो आणि जठराच्या पातळ भित्तीतून प्राणवायू शोषून घेतो. म्हणून घाण पाण्यातही तो तग धरतो. तळावरील शेवाळ व सेंद्रिय गाळ तो खरवडून खातो. म्हणजे ज्या अन्नावर येथील कित्येक मासे व जलकीटक जगतात, त्यावरच तो हात मारतो.

यापेक्षाही विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, अंडी घालण्यासाठी हा मासा काठाच्या मातीत आडवी बिळे कोरतो. ही बिळे एक मीटरपर्यंत खोल जाऊ शकतात. नर आत राहून अंड्यांचे रक्षण करतो. ज्या तळ्याचे पाणी मातीच्या पाळीने अडविलेले आहे, त्या पाळीत अशी शेकडो बिळे पडली तर काय होईल, हे शेतकऱ्याच्या मुलास समजावून सांगावे लागत नाही. शिवाय त्याच्या परांचे कठीण काटे जाळ्यात अडकतात व जाळी फाटतात. हातात येणाऱ्या या मासळीस बाजारात फारसे गिऱ्हाईक नाही. ज्या ढीमराची उपजीविका त्या तळ्यावर चालते, त्याच्या पदरी फाटके जाळे व रिकामी टोपली येते. मुलाने मिळविलेल्या पुण्याची किंमत अशा रीतीने दुसऱ्यास मोजावी लागते.

लहान दिसणारे मासेही निरुपद्रवी नसतात. गप्पीची मादी पिल्लांनाच जन्म देते. साधारण दर चार आठवड्यांनी एक वेत होते. नराचे शुक्रजंतू ती कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते. म्हणून ‘एकच तर मासा सोडला’ हे म्हणणे फसवे आहे. एकटी मादीसुद्धा नवी वसाहत स्थापू शकते. आणि मासा एकटा जात नाही. त्याच्याबरोबर उवांसारखे परोपजीवी, बुरशी व रोगजंतू जातात. माशांच्या अंगावर खोल व्रण पाडणारा एक बुरशीजन्य रोग १९८८ साली ईशान्य भारतात आढळला आणि थोड्याच वर्षांत देशातील अनेक राज्यांच्या तळ्यांत व नद्यांत पसरला. पाण्यातील रोगास वेशीवर अडविता येत नाही.

कोणी म्हणेल, तळे बंदिस्त आहे, मासा जाऊन जाऊन कोठे जाणार? पावसाळ्यात तळे भरून वाहते आणि पाणी नाल्याने नदीस मिळते. पनागरच्या परिसरातील परियट नदी हिरन नदीस मिळते व हिरन नर्मदेस. नर्मदा अमरकंटकापासून १३१२ किलोमीटर वाहत जाऊन भडोचजवळ खंबायतच्या आखातास मिळते. परियटमध्ये आजही मगरी आढळतात. आणि नर्मदेतील महाशीर हा मध्य प्रदेशाने २०११ साली राज्याचा मासा म्हणून घोषित केला, तो त्याची संख्या घटत चालली असताना. धरणे, प्रदूषण व बेसुमार मासेमारी यांनी आधीच अडचणीत आलेल्या या जलसृष्टीवर परक्या माशांचा आणखी भार टाकणे शहाणपणाचे नाही.

इतरत्र आलेले अनुभव

ही भीती काल्पनिक नाही. ॲलिगेटर गार हा मूळचा मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील मासा २०२३ साली भोपाळच्या मोठ्या तलावात सापडला. त्याच वर्षी श्रीनगरच्या दल सरोवराची सफाई चालू असतानाही तो मिळाला. मिसिसिपीहून भोपाळपर्यंत मासा स्वतः पोहत येत नाही. कोणाच्या तरी हातांनीच तो आलेला असतो. सकर मासा २०२० साली वाराणसीजवळ गंगेत आढळला. पश्चिम बंगाल, बिहार, आंध्र प्रदेश व केरळ येथील पाण्यांतही त्याची नोंद झाली आहे. केरळात २०१८ च्या महापुरात खाजगी तळ्यांचे बांध फुटले आणि ॲमेझॉन नदीतील प्रचंड आरापैमा मासे चालकुडी नदीत मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागले. समुद्रसुद्धा यास अपवाद नाही. हिंदी व पॅसिफिक महासागरातील देखणा सिंहमासा अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळ प्रथम १९८५ साली दिसला. पाळलेले मासे समुद्रात सोडल्याने तो तेथे पोहोचला, असे शास्त्रज्ञ मानतात. आज तो कॅरिबियन समुद्रातील प्रवाळांवरील लहान मासे फस्त करीत आहे.

महाराष्ट्रातील वाचकांस चिलापीची गोष्ट जवळची वाटेल. हा आफ्रिकी मासा १९५२ साली भारतात आणला गेला, तो शोभेसाठी नव्हे तर खाण्यासाठी. आज भीमेवरील उजनी जलाशयात चिलापी हा मच्छीमारांच्या नित्य परिचयाचा मासा झाला आहे. ती विकली जाते, खाल्ली जाते, हे खरे. परंतु तिला परत बोलावणे आता कोणाच्याही हाती नाही. जलपर्णीचेही तसेच. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आणली गेली, आणि आज देशातील असंख्य तळी तिच्या हिरव्या गालिच्याखाली गुदमरली आहेत. घरात शोभेसाठी आणलेली वस्तू बाहेर टाकली म्हणजे काय होते, याचा धडा प्रत्येक गावच्या तळ्यावर लिहिलेला आहे.

येथे एक शंका येण्याजोगी आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसेच गप्पी मासे सोडतात, ते कसे? गप्पी भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी आले, व गॅम्बुसिया १९२८ साली. हौद, टाकी, कारंजे यांसारख्या बंदिस्त जागी त्यांचा उपयोग होतो. कोठे सोडावेत हे ठरविणे मात्र त्या खात्याचे काम आहे. आपल्या पेटीतील जास्तीचे गप्पी नदीनाल्यात ओतण्यास तो परवाना नव्हे. परक्या जीवांच्या प्रसाराचा प्रश्न कायद्यानेही दखल घेण्याइतका गंभीर ठरला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने, उपद्रवी परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर नियंत्रण घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे.

नवे घर कसे शोधावे?

मग मुलाने काय करावे? प्रथम, मासा कोणता आहे याची नीट ओळख करून घ्यावी. त्याची लांबी मोजावी, वय लिहावे, तो काय खातो व कोणाशी भांडतो याची नोंद करावी. ओळख पटत नसेल तर माहीतगाराचा सल्ला घ्यावा. जबलपूर येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे मध्य विभागीय केंद्र आहे, तसेच मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे. अशा ठिकाणच्या जाणत्यांकडून माशाची जात समजून घेता येईल. मात्र अशा संस्था म्हणजे माशांची पांजरपोळ नव्हे, हे ध्यानी ठेवून आधी विचारावे. मासा घेऊन दारात उभे राहू नये.

दुसरे, मासा खरोखरच द्यावा लागणार आहे काय, हे पाहावे. कित्येकदा दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलणे, खाद्य निम्म्यावर आणणे किंवा भांडखोर माशापुढे काचेचा पडदा घालणे एवढ्यानेही अडचण मिटते. आपल्या कुटुंबाची गोष्ट वेगळी आहे. त्यांना गाव सोडावयाचे आहे.

तिसरे, ज्या दुकानातून मासा घेतला, तेथे विचारावे. काही दुकानदार वाढलेला मासा परत घेतात, विशेषतः पैशांची अपेक्षा नसेल तर. दुकानात मोठी टाकी असते आणि मोठ्या माशाच्या शोधात असणारे गिऱ्हाईकही तेथेच येते. चौथे, मासे पाळणाऱ्या इतर मंडळींस कळवावे. शाळेचा फलक, सार्वजनिक वाचनालयाचा फलक, वडिलांचे कार्यालय, जबलपूरचे नातलग, सर्वत्र शब्द टाकावा. सूचना लिहिताना काही लपवू नये. ती अशी असावी :

“देणे आहे : सकर मासा, एक. लांबी ३५ सें.मी., वय सुमारे तीन वर्षे. प्रकृती उत्तम. शेवाळाच्या वड्या, काकडी व दुधी खातो. रात्री हालचाल करतो. पेटीतील रोपे उपटतो. किमान पाच फूट लांबीची, झाकण असलेली पेटी व चांगली गाळणी ज्यांच्याकडे आहे त्यांनीच चौकशी करावी. पैसे नकोत.”

‘रोपे उपटतो’ हे वाक्य गाळावे असे मुलास वाटेल. ते गाळू नये. दोष लपवून दिलेला मासा महिन्याभरात पुन्हा नकोसा होतो, आणि मग नवा मालक तळ्याची वाट धरतो. घेणाऱ्यासही चार प्रश्न नम्रपणे विचारावेत : पेटी केवढी आहे, त्यात आधी कोणते मासे आहेत, गाळणी किती दिवसांपासून चालू आहे, आणि हा मासा आणखी दहा वर्षे जगला तर सांभाळाल काय? उत्तरे समाधानकारक नसतील तर नाही म्हणण्याचा संकोच बाळगू नये.

शाळेची पेटी हा एक चांगला आसरा असू शकतो; परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीत मासे कोण पाहणार, हे शिक्षकांशी बोलून आधीच ठरवावे. अंगणातील सिमेंटचा हौद चालेल काय, असेही विचारले जाते. ज्या हौदाचे पाणी पावसाळ्यात भरून नाल्यास मिळत नाही व ज्यावर जाळी आहे, तोच विचारात घ्यावा.

हे सर्व करूनही घर मिळाले नाही तर? मुदत वाढवावी, बदलीच्या गावी नेणे शक्य आहे काय ते पाहावे, किंवा शेजाऱ्याने महिनाभर पेटी सांभाळावी अशी विनंती करावी. मासा असाध्य रोगाने पीडित असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्यास वेदनारहित मरण देणे हे, गटारात टाकून तडफडत ठेवण्याहून, अधिक भूतदयेचे आहे. गटार हाही शेवटी नदीचाच रस्ता होय.

माशाचा प्रवास

घर ठरले म्हणजे प्रवासाची तयारी करावी. निघण्याच्या आदल्या दिवसापासून माशास खाद्य देऊ नये. त्यामुळे वाटेत पाणी कमी घाण होते. दुहेरी प्लॅस्टिकच्या मजबूत पिशवीत एक तृतीयांश त्याच्याच पेटीतील पाणी घ्यावे व दोन तृतीयांश हवा राहू द्यावी. काटे असलेल्या माशासाठी पिशवीपेक्षा झाकणाची बादली अधिक सुरक्षित. ती थर्मोकोलच्या पेटीत किंवा ओल्या गोणपाटात ठेवावी, म्हणजे तपमान स्थिर राहते व अंधारामुळे मासा शांत राहतो. पनागर ते जबलपूर हे अंतर थोडे असले तरी उन्हाळ्यात पहाटेच निघावे.

पोहोचल्यावर मासा पाण्यात एकदम ओतू नये. पिशवी नव्या पाण्यावर १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे नवे पाणी तीत घालावे, आणि अखेरीस मासा जाळीने उचलून आत सोडावा. प्रवासाचे पाणी पेटीत मिसळू नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते माशांच्या कल्ल्यांस जाळते. तेव्हा तसे पाणी आधी दिवसभर उघडे ठेवलेले अथवा औषधाने क्लोरीनमुक्त केलेले असावे. शक्य असल्यास दोन-तीन आठवडे मासा वेगळ्या पेटीत ठेवून रोगाची लक्षणे दिसतात काय ते पाहावे. जुन्या पेटीतील पाणी, गोगलगायी व रोपे तळ्यात वा नाल्यात टाकू नयेत. पाणी परसातील झाडांना घालावे. रोपे उन्हात पूर्ण वाळवून मग पुरावीत. पाण्यात न दिसणारी अंडी व जीव असतात, हे विसरू नये.

आणण्यापूर्वीचा विचार

ही सारी यातायात ज्यास टाळावयाची आहे, त्याने ती मासा आणण्यापूर्वी टाळावी. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सर्वसामान्य लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले, आणि मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. काचेआडची ती सृष्टी पाहून ती आपल्या घरीही असावी, असे अनेकांस वाटू लागले. ही इच्छा चांगली आहे. पेटीतील मासा मुलास निरीक्षण शिकवतो, नियमितपणा शिकवतो, मुक्या जिवाची काळजी घेण्यास शिकवतो. मात्र दुकानात बोट दाखविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : हा पूर्ण वाढला म्हणजे केवढा होईल? किती वर्षे जगेल? आणि मला सांभाळता आला नाही तर कोण सांभाळील? तिसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर मासा दुकानातच राहू द्यावा.

पनागरच्या त्या घरी, समजा, अखेरीस जबलपूरहून एक चिठ्ठी आली. एका हौशी गृहस्थांकडे पाच फुटांची पेटी आहे, आणि तीत एकच मोठा मासा आहे. पहाटे मुलगा आणि वडील झाकणाची बादली घेऊन निघतात. आजी दारापर्यंत येते.

“जपून ने रे,” ती म्हणते, “आणि त्यांना सांग, काकडी आवडते म्हणावं त्याला.”

तळे जागच्या जागी आहे. पाळ शाबूत आहे, आणि दिवस उजाडला की ढीमर आपले जाळे टाकील. मनूनेही आपला मासा प्रत्येक वेळी स्वतःच्या हातांनी उचलून नव्या पाण्यापर्यंत नेला होता. वाटेत त्याने तो कोठेही टाकून दिला नाही.